सात नंबरचं छत

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. मी जेवतो का, गोळ्या घेतो का, हे तू दर वेळी पोलिसासारखं विचारतेस, म्हणून आधी तेच सांगतो. जेवतो, आणि गोळ्या आठवल्या तर घेतो. तुझ्या आईने माझ्या टेबलावरचा काँक्रीटचा ठोकळा उचलून माळ्यावर टाकलाय. आमच्या बांधकामाच्या धंद्यात रोजच्या मालाचे ठोकळे ओतून ठेवतात आणि मजबुती तपासायला अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. हा मी बांधलेल्या सात नंबरच्या बंकरचा, जादा म्हणून न फोडता राहिलेला. दादाची नेमणूक नेमकी तिथेच झाली, तेव्हापासून येईल त्याला मी तो दाखवत सुटलो होतो. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला मला कधी दुसऱ्याचा हात लागला नाही, हे तू जाणतेसच.

लहानपणी सुट्टीत तुम्ही दोघं साइटवर यायचात. स्लॅबवरच्या गोणपाटांना पाणी मारायच्या नावाखाली तू स्वतःच चिंब व्हायचीस, आणि दादा हातोडीने ठोकत, कान लावत फिरायचा. खणखणीत आवाज म्हणजे पक्कं, बद्द आवाज म्हणजे पोकळ, हे मी सांगितलं आणि त्याने ते कायमचं धरून ठेवलं. तू मात्र माझ्या प्रत्येक बोलण्याला फाटे फोडायचीस. त्यानेही फोडायला हवे होते गं.

बंकरांची ती रांग बांधत होतो तेव्हा देखरेखीला लष्करातला एक म्हातारा इंजिनिअर होता. तो म्हणायचा, भिंत शत्रूला थांबवत नाही, फक्त उशीर करते. तेवढ्या वेळात मागून कुमक आली तर ठीक, नाहीतर कितीही जाड बंकर म्हणजे शत्रूला पत्ता माहीत असलेली खोली. मी ते हसण्यावारी नेलं. गोळे वरून पडणार, म्हणून सगळी अक्कल छतात ओतली. दार मागच्या बाजूला, साधं पत्र्याचं. मागे दलदल होती, तिथून कोण येणार, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. ते दलदलीला वळसा घालून आले. आणि ताटाएवढ्या ड्रोनला तर वळसाही घालावा लागत नाही. कुमक आलीच नाही. तरी खोटं कशाला बोलू, पहिले अकरा दिवस त्या छताने पाच जणांना जगवलं. वर गोळे पडताहेत आणि आम्ही पत्ते खेळतोय, असं दादानेच फोनवर सांगितलं होतं. त्या दिवशी मी गल्लीभर मिरवलो.

आता तुझ्या कागदाबद्दल. दादाच्या अधिकाऱ्याने माघारीचा हुकूम उशिरा दिला, अशी तक्रार तू केलीस आणि माझी सही मागितलीस. कागद सही न करता परत पाठवतोय. सोमवारी त्या माणसाची चौकशी आहे, त्याच्या आत हे तुला कळायला हवं. हुकूम वेळेवर आला होता. शेजारच्या दोन्ही बंकरमधले लोक त्याच दुपारी मोकळ्या रानातून निघाले आणि वाचले. हुकूम मिळताच दादाने मला फोन केला. बाहेर आडोसा नाही, आतच थांबलो तर छत टिकेल का, एवढंच त्याने विचारलं. मी म्हणालो, माझ्या छताला काही होत नाही, तू बाहेर पाऊल टाकू नकोस. त्याने टाकलं नाही, बरोबरच्या चौघांनाही टाकू दिलं नाही. तासाभरात ड्रोन दारातून आत शिरलं. हे मी काल तुझ्या आईला सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तूही बोलू नकोस हवं तर, पण तक्रार मागे घे. कोणाचं तरी नाव घालायचंच असेल तर माझं घाल. लष्कराने त्या जागेचा फोटो पाठवलाय. छताला केसाएवढाही तडा नाही.

तुझाच म्हणवून घ्यायला आता भीती वाटते असा,
बाबा