मास्तरांच्या माठातलं पाणी

मास्तर, तुमच्यावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, साहेबाचं राज्य गेलं, मीही म्हातारा झालो, तरी नाही. वर्गात कुणी खादीची बाजू घेतली की तुम्ही गिरणीची घेत होतात. कुणी सरकारची तारीफ केली की सरकारवर तुटून पडत होतात. कुणी म्हणे तुम्ही मिशनचे, कुणी म्हणे पोलिसांचे. आडनाव तर असं, की त्यावरून जातही लागेना. मला वाटे, हा माणूस आमच्या पोटातलं काढून घेतो आणि कुठेतरी पोचवतो.

त्या शनिवारी मी वर्गात शिवाशिवीविरुद्ध तावातावाने बोललो. तुम्ही चक्क वाद घातला नाहीत. उद्या इंग्रजीच्या शिकवणीला घरी ये, एवढंच म्हणालात. महालातल्या आमच्या आळीतून धंतोलीत तुमच्या घरापर्यंत चैत्राचं ऊन, म्हणून मी घरून लोटा भरून घेतला. आमच्यातले सगळेच बाहेर जाताना घेत. त्यात मला काही वावगं दिसलं नाही. मी तुमच्या दारात पोचतो. तुम्ही स्वयंपाकघरातल्या माठातून पेला भरून आणता. माझा लोटा उचलून कोनाड्यात ठेवता.

"हा काहून आणला गा?"

ऊन आहे म्हणून, मी म्हणतो.

"माह्या घरी पाणी नाही, असं कोणं सांगतलं तुले?"

मी एका दमात पेला रिकामा करतो. परतताना तुमचा भयंकर राग येत होता. मला बाटवायलाच बोलावलं, अशी खात्री झाली होती. थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला सांगू.

तो अभिमान तुम्ही सोमवारी उतरवलात. भर वर्गात विचारलंत, काल माझ्याकडचं पाणी प्यायलास ते तहान लागली म्हणून, की मला दाखवायला? तहान लागली होती, मी म्हणालो.

"मग ठीक. मले दाखवाले पाणी पेला असशील, तर उद्या दुसऱ्याले दाखवाले सोडशील."

वर्गात आमच्या आळीतली पोरं होती. संध्याकाळपर्यंत आईला कळलं आणि माझं पान स्वयंपाकघराबाहेर मांडलं गेलं. हे तुम्ही जाणूनबुजून केलंत का, हा संशय अजून जात नाही. प्रायश्चित्त घे, म्हणून आई रडत होती. मी घेणारच होतो, पण तुमचं ते वाक्य आडवं आलं. वर्षभर पडवीत एकटा जेवलो. तेव्हा कुठे शिवाशिवीविरुद्धचं ते मत माझं झालं. अजूनही कुणी माझ्या बोलण्याला लगेच मान डोलावली की मला आधी त्याचा संशय येतो, मग स्वतःचा. ही खोड तुमची, आणि ती लावल्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

हे पत्र धाडायचं कुठे? पण एक सांगून टाकतो. त्या रविवारी मला तहान नव्हती. तुमच्याकडे येताना वाटेतल्या पुलावर मी अख्खा लोटा पिऊन संपवला होता. तुम्ही तो कोनाड्यात ठेवलात, तेव्हा रिकामा आहे हे तुमच्या हाताला कळलंच असणार.