चेअरमनला हार, युनियनतर्फे

१८ जून ८२
पत्र तिसऱ्यांदा परत. मॅनेजरनं वरची ओळ वाचली, 'दूध संघ कामगार युनियन', आणि कागद असा सरकवला जसा चटकाच बसला. "हे घेतलं म्हंजी युनियन मान्य केली असं होतंय, सुमनबाई. तुमच्या एकटीच्या नावानं अर्ज द्या, आत्ता शिक्का मारतो." म्हटलं, साहेब, सही माझीच हाय की, सचिव म्हणून. तर म्हणे, "एकट्या असता तवा किती चांगल्या असता वो तुम्ही!" माणूस वाईट नाही. चहा पाजला. राग होता तरी प्याले.

२३ जून
चेअरमन आले. गफूरभाई (टँकर चालवतात, आमचे अध्यक्ष), मी, मागं सगळी. विषय एकच, कॅन धुणाऱ्या सहा बाया. वैरण नाही, दूध आटलं, म्हणून त्यांना घरी बसवलं. ना नोटीस, ना विचारणं. त्यातली कौसाबाई तर शेड उभं राहिलं तेव्हापासूनची.

चेअरमन: "अरे, ही सहकारी संस्था! इथं मालकच न्हाय, तर युनियन कुणाच्या विरुद्ध?"

ग.भाई: "मालकच नै तो कौसाबाईकू घर कौन भेज्या, साब?"

सगळे हसले. चेअरमनपण, अर्धवट. मग म्हणाले, "एकेकानं या. घरच्यागत बोलू." एकेकानं गेलं की काय होतं ते त्या सहाजणींना विचारा! एकेकीलाच बोलावून सांगितलं होतं त्यांना. युनियनशी बोला एवढंच तर म्हणतोय आम्ही.

२ जुलै
रजिस्टर पोस्टानं पाठवलं होतं. तेही परत. 'घेण्यास नकार.' पोस्टमनलाच वाईट वाटलं. पाऊस नाही. जळकोटकडची दुधाची गाडी आज अर्धी रिकामी.

पाचजणी रोजगार हमीच्या खडीवर गेल्या. कौसामावशी मात्र रोज फाटकापाशी येऊन बसते. आज म्हणाली, "कागुद घेत न्हाईत तर हार घाला की त्येनला. हाराला न्हाय म्हनलेलं म्या तरी कधी बघितलं न्हाय." आम्ही पोट धरून हसलो. मग एकदम कुणीच हसेना.

१५ ऑगस्ट
हसून हसून अक्षर वाकडं येतंय. झेंडावंदन झालं. मग दरसालप्रमाणं चेअरमनचे सत्कार. शाळा, तालीम, सोसायटी. माईकवर मॅनेजर, हातात चिठ्ठ्या. माझी चिठ्ठी मधीच सरकवलेली. भडाभडा वाचत गेले, "यानंतर दूध संघ कामगार यु..." आणि गप्प. माईक चालू. चेअरमन तोवर सवयीनं उठून, मान पुढं करून उभे! काय करतील बिचारे मॅनेजर? "...नियनतर्फे," म्हणाले, पार बारीक आवाजात. मावशीनं हार घातला. टाळ्या थांबेनात.

खरी गंमत पुढंच. भाषणात चेअरमन, तेही सवयीनंच, "शाळा, तालीम, सोसायटी, कामगार युनियन, या सर्व संस्थांचा मी ऋणी आहे." ग.भाईंनी आनंदानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की अजून दुखतंय.

१७ ऑगस्ट
मॅनेजर बोलत नाहीत. चेअरमननं झाडलंय म्हणे त्यांना, चांगलंच. लई वाईट वाटलं. चिठ्ठी घातली मी, बोलणी खाल्ली त्यांनी. जाऊन माफी मागितली. खाली बघत म्हणाले, "अक्षर वळखीचंच होतं, सुमनबाई. आधीच दिसलं होतं मला." मग वाचलं कशाला? ते विचारायचं धाडस झालं नाही.

२१ ऑगस्ट
पत्र आलं. संघाच्या कागदावर! 'प्रति, सचिव, कामगार युनियन.' पण टाइप केलेल्या 'युनियन'वर शाईची रेघ, वर लिहिलंय 'मंडळी'. कॅन धुण्याच्या कामाबाबत, २५ ला अकरा वाजता, दोघांनी यावं. ग.भाई भडकले, जायचंच नाही म्हणे. मावशीला वाचून दाखवलं.

"खोडलेलं वाचता येतंय का?"

येतंय म्हटलं.

"मग जावा की!"

२५ ऑगस्ट
ग.भाई आणि मी जायचं असं ठरलेलं. सकाळी मलाच पटेना. माझं काम शाबूत, आणि गेलेल्या कामावर मी बोलणार? म्हटलं, मावशी, तुम्हीच जावा. "मला काय बोलता येतंय, माय?" असं म्हणत म्हणत घरी जाऊन लुगडं बदलून आली.

आमची दूध तपासायची खोली ऑफिसच्या समोरच. दारात मॅनेजर, हातात हजेरीची वही. ग.भाईंचं नाव लिहिलं. मग मावशीला, "नाव?"

"नाव ठावं हाय की तुमाला. युनियन लिवा."

मॅनेजरनं वळून आत चेअरमनकडं बघितलं. पेन हातात तसंच. मग काहीतरी लिहिलं आणि दार लावून घेतलं. काय लिहिलं ते इथनं दिसलं नाही.

दीड वाजला. सकाळच्या दुधाच्या बाटल्या तशाच समोर पडल्यात, एकही तपासली नाही मी. आत्ता शिपाई चहा घेऊन गेला, चार कप. आतून नुसता मावशीचाच आवाज येतोय.