कॉर्डीला पाठवते आहे

मायल्स क्रीक, माँटाना
१० ऑक्टोबर १९९३

ती. लेनोरताईस,
धाकट्या बहिणीचा, बॉबीचा सा. न. वि. वि.

तुझी पुस्तकांची पेटी पोचली. ती उचलताना आमच्या नवरोबांच्या, म्हणजे गसच्या, पाठीत उसण भरली, तेव्हा अभ्यासक्रम वजनदार आहे याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायला लागून सहा आठवडे झाले. पहिल्यांदा लॅटिन काढलं. ओटिस नऊ वर्षांचा घोडा झाला, अजून इंग्रजी धड वाचत नाही, पण आता धाकट्या ट्रूडीला लॅटिनमध्ये डुक्कर म्हणतो. ट्रूडीला अर्थ कळत नाही, सूर मात्र कळतो. ती चावते. लॅटिन सध्या फ्रीजवर ठेवलंय.

मग गणिताच्या त्या रंगीत कांड्या. पांढरी म्हणजे एक, तांबडी म्हणजे दोन, वगैरे. ट्रूडीने पांढरी नाकात घातली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्याने एक काढली, मग जरा वाकून आणखी एक काढली, तेव्हा ट्रूडीने खणखणीत आवाजात सांगितलं की झाल्या दोन. म्हणजे बेरीज आली म्हणायची. पण दर वेळी दवाखान्याचा खर्च परवडणार नाही.

थट्टा जाऊ दे. शाळेत त्या बाईंनी ओटिसला वर्षभर खिडकीपाशी बसवून ठेवलं होतं, म्हणून मी त्याला काढला. आता तो माझ्या खिडकीपाशी बसतो. मी पोराचं वाटोळं तर करत नाही ना, ताई? तुझी तिन्ही मुलं किती वळणाची.

एल्डनभावोजींना नमस्कार. माया आहेच, तिच्यासोबत दोन सूचनाही येऊ देत.

तुझी,
बॉबी

*

एल्म्सबरी, पेनसिल्व्हेनिया
२४ ऑक्टोबर १९९३

चि. बॉबीस,
अ. आ. वि. वि.

कांडी नाकात जाणं हा पुस्तकाचा दोष नव्हे. पहिल्या पानावरच लिहिलंय की साहित्य वापरताना पालकांनी जवळ बसावं. तू स्वयंपाकघरात फोनवर असशील, मी ओळखून आहे.

तुला शिस्त हवी. आमच्याकडे आठला घंटा होते. कॉर्डी आणि तिचे दोघे भाऊ आपापल्या जागी बसतात. कॉर्डी नवव्या वर्षी भूमिती करत होती, आता पंधराव्या वर्षी मला तिच्यासाठी रात्री बसून आधी अभ्यास करावा लागतो. पोर गुणाची आहे. हल्ली तेवढी तिची नजर जरा बाहेर असते. सकाळी शाळेची पिवळी बस समोरून जाते ना, तेव्हा लिहिता लिहिता थांबते. मी टेबल भिंतीकडे वळवून घेतलं. प्रश्न सुटला.

तुझ्या ओटिसला हाताने करायचं काहीतरी दे. सोबत प्राचीन इजिप्तचा संच पाठवते आहे. त्यात एका अख्ख्या कोंबडीची ममी करायची असते. आमच्याकडे अतिशय सुंदर झाली होती.

धीर सोडू नकोस. आशीर्वाद कायमचे आहेत, ते परत पाठवायचे नसतात. इजिप्तचा संच मात्र धुऊनपुसून परत पाठव.

तुझी,
लेनोर

*

मायल्स क्रीक
१२ डिसेंबर १९९३

ती. लेनोरताईस,
बॉबीचा नाक दाबून सा. न. वि. वि.

कोंबडीला मीठ आणि सोडा चोळून कोरड्या, बंद जागी ठेवायचं होतं. आमच्याकडे कोरडी, बंद जागा एकच, ती म्हणजे गसच्या बोलिंगच्या हॉलमधलं भाड्याच्या बुटांचं कपाट. मुलांनी मला न सांगता तिथे ठेवली, आणि मीठ अर्ध्यातच संपलं होतं हेही सांगितलं नाही.

गसने दोन आठवडे बुटांवर औषध फवारलं. गिऱ्हाइकं एकमेकांच्या पायांकडे बघायला लागली. गुरुवारच्या बायकांच्या संघात तर त्यावरून फूट पडली. शेवटी फॅरोचा शोध लागला तेव्हा गस बाहेर जाऊन बर्फात उभा राहिला.

एक गोष्ट मात्र जमली आणि ती तुझ्या कुठल्याच पेटीत नव्हती. गसकडे गुण मांडायचं यंत्र नाही, सगळं कागदावर. स्ट्राइक पडला, म्हणजे पहिल्याच चेंडूत सगळ्या पिना पडल्या, की पुढच्या दोन चेंडूंच्या पिना त्यात मिळवायच्या, असा हिशेब. संघातल्या म्हाताऱ्यांना चष्मा लावूनही दिसेना, म्हणून ओटिस लिहायला बसला. आता तो तोंडी करतो, आणि चुकीचे गुण सांगणाऱ्याला सोडत नाही. याला गणित म्हणायचं का गं?

उत्तर जपून दे, तुझ्या शब्दाला इथे फार मान आहे.

तुझी,
बॉबी

*

एल्म्सबरी
५ जानेवारी १९९४

चि. बॉबीस,
नव्या वर्षाचे अ. आ. वि. वि.

नाही म्हणायचं.

मी आणि एल्डन बोललो. पुस्तकं पाठवून उपयोग नाही, तुला डोळ्यांसमोर नमुना हवा. कॉर्डीला पाठवते आहे. ती उन्हाळ्यापर्यंत राहील, तुझ्या मुलांना वळण लावील आणि स्वतःचा अभ्यासही करील. वेळापत्रक तिने सहा रंगांत आखलंय. तिला विचारलं तेव्हा ती इतकी पटकन हो म्हणाली की मला तिचा अभिमानच वाटला.

बसने येते आहे. तिला लवकर झोपायची सवय आहे. तिला सांभाळ, आणि तिचं ऐक.

तुझी,
लेनोर

*

मायल्स क्रीक
२० फेब्रुवारी १९९४

ती. आईस,
कॉर्डेलियाचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. ओटिस आणि ट्रूडी सुधारत आहेत. वेळापत्रकातला हिरवा रंग ट्रूडीने चाटून पाहिला, त्यामुळे भूगोल पुसट झाला आहे. ओटिसचं वाचन सुरू झालं. हॉलमध्ये नाणं टाकून गाणी लावायचा जूकबॉक्स आहे. गाण्याचं नाव वाचून दाखवलं तरच गसकाका त्याला नाणं देतात. पहिले तीन दिवस त्याने अंदाजाने एकच रडकं गाणं चौदा वेळा लावलं. लोक इतके वैतागले की सगळ्यांनी मिळून त्याला अक्षरं शिकवली.

माझा अभ्यास पुढीलप्रमाणे. पदार्थविज्ञान: जड गोलाचा वेग आणि लाकडावरचं घर्षण, रोज सायंकाळी. समाजशास्त्र: स्थानिक तरुणांच्या चालीरीती. शरीरशास्त्र: फुप्फुसांची ताकद वाढवण्याचं प्रात्यक्षिक, रोज दुपारी, पितळी उपकरणाच्या साहाय्याने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

बाबांना आणि भावांना आठवण सांगणे. तुझी माया वेळापत्रकाबाहेरही चालू असावी.

तुझी आज्ञाधारक,
कॉर्डेलिया

*

एल्म्सबरी
६ मार्च १९९४

चि. कॉर्डेलियास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी घरी शिकवणाऱ्या आमच्या आयांच्या मंडळात मोठ्याने वाचून दाखवलं. फुप्फुसांच्या प्रात्यक्षिकाची सगळ्यांनी टिपणं घेतली. समोरच्या हेस्टरबाईंनी तर दुसऱ्याच दिवशी मुलांना फुगे आणून दिले; धाकटा चक्कर येऊन पडला, पण चिकाटी आहे म्हणतात. त्या पितळी उपकरणाचं नाव आणि ते कुठे मिळतं तेवढं कळव.

घर फार व्यवस्थित आहे. इतकं व्यवस्थित बरं वाटत नाही.

तुझी,
आई

*

मायल्स क्रीक
१७ एप्रिल १९९४

ती. लेनोरताईस,
बॉबीचा घाईतला सा. न. वि. वि.

कॉर्डीला उत्तर द्यायला वेळ झाला नाही, ती फार कामात आहे. त्या उपकरणाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही.

पोर छान भरली आहे. दोन-दोन सँडविच खाते. हसते तेव्हा शेवटच्या पट्टीवरच्या पिना हलतात. तिला अजून थोडं राहू देशील का? मेअखेर गावात मिरवणूक असते, ती बघून निघेल. शैक्षणिक आहे.

याहून जास्त आत्ता लिहीत नाही, दुधावर लक्ष ठेवायचं आहे. जीव लावतेस तो तसाच लाव, उद्या काहीही कानावर आलं तरी.

तुझी,
बॉबी

*

मायल्स क्रीक
८ मे १९९४

लेनोरताईंना गसचा नमस्कार.

मला पत्रं लिहायची सवय नाही. बॉबी आणि कॉर्डी पंधरा दिवस नुसत्या म्हणतायत की ताईला कसं सांगायचं, कसं सांगायचं. मला त्यात अवघड काही दिसत नाही, म्हणून सांगतो.

कॉर्डी जानेवारीपासून रोज दुपारी इथल्या शाळेत जाते. शाळेच्या बँडमधल्या पोराचं गळ्याचं हाड मोडलं, तेव्हा ट्यूबा वाजवायला कोणी नव्हतं. ट्यूबा म्हणजे ते सगळ्यात मोठं पितळी भोंगाड. ती म्हणाली मी शिकते, आणि शिकली. मग इतिहासाच्या तासालाही बसायला लागली. मिरवणूक २८ तारखेला आहे. तुम्ही या. भोंगाड तिच्याहून मोठं आहे, समोरून फक्त पाय दिसतात, पण पाय ओळखू येतील.

जेवायला खिम्याचा मीटलोफ करू.

गस

*

एल्म्सबरी
१४ मे १९९४

बॉबीस,

आशीर्वाद यावेळी पाठवत नाही, शिल्लक नाहीत.

मी तुझ्याकडे मुलगी पाठवली आणि तू ती शाळेच्या हवाली केलीस. चार महिने! मी ते पत्र मंडळात वाचून दाखवलं! हेस्टरबाईंचा धाकटा अजून फुगे फुगवतोय!

शाळेत गेली याचं दुःख आहेच. पण तिने मला विचारलं नाही आणि तुला विचारलं, हे माझ्याच्याने गिळवत नाही. मी येते आहे. तिला घेऊन लगेच परतणार. मीटलोफ करू नये.

लेनोर

*

मायल्स क्रीक
२९ मे १९९४

प्रिय एल्डन,
सप्रेम नमस्कार.

मुलांना वेळेवर जेवायला घालतोस ना? मी सुखरूप आहे. पाय सुजले आहेत, त्याचं कारण पुढे येईल.

काल सकाळी पोचले ती थेट मिरवणुकीच्या रस्त्यावर. बॉबी रडायच्या बेतात होती, मी तिच्याकडे बघितलं नाही. एवढ्यात बँड आला. शेवटच्या ओळीत एक भलंमोठं पितळी फूल आणि खाली कॉर्डीचे पाय. गस खरं बोलला होता, पाय ओळखू आले. चाल माझ्या आईची आहे.

बँकेच्या कोपऱ्यावर सगळा बँड डावीकडे वळला. कॉर्डी वळली नाही. ती सरळ गेली! समोर वाद्याला चिकटवलेला कागद, त्यात नजर, आणि पुढे धान्याच्या कोठाराकडे जाणारा मोकळा रस्ता. एकटीच वाजवत निघाली, जराही न चुकता. लोक हसायला लागले. एल्डन, सगळे वळले की आपणही वळायचं असतं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ते माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मी धावले. चर्चला जायच्या बुटांनी, हातात पर्स घेऊन. तिला गाठलं, कोपराला धरलं. तिने मला पाहिलं, डोळे एवढे मोठे झाले, पण तोंड काही काढलं नाही, कडवं अर्धवट होतं. मी तिला वळवलं आणि आम्ही परत निघालो. बँडमास्तर पोरांना जागच्या जागी पाय आपटायला लावून वाट बघत होते. ती ओळीत शिरली, आणि आता परत सरळ गेली तर काय करायचं म्हणून मी कोपर सोडलं नाही. त्यामुळे उरलेली मिरवणूक मीही चालले. पर्ससकट, शेवटच्या ओळीत, बँडच्या पोरांबरोबर. एका म्हाताऱ्याने मला सलाम केला.

नंतर गसच्या हॉलमध्ये सँडविच खाताना तिला विचारलं की माझ्यापाशी का बोलली नाहीस. ती म्हणाली की तू नाही म्हणाली असतीस. उत्तर बरोबर होतं. मग म्हणाली की माझ्या शिकवण्याचा तिला कंटाळा आलेला नाही. पण आपल्या वर्गात ती एकटीच असते, त्यामुळे पहिलीही तीच आणि शेवटचीही तीच. आपण खरंच हुशार आहोत की नुसत्याच एकट्या आहोत, एवढंच तिला बघायचं होतं.

मी बॉबीशी बोलले. म्हणजे आधी भांडले, मग दोघी रडलो, मग ट्रूडीने मध्ये पडून लॅटिनमध्ये काहीतरी घाण शब्द वापरला आणि हसू आवरेना. मीटलोफ चांगला होता.

सप्टेंबरपासून कॉर्डी आपल्या गावच्या शाळेत जाईल. तू गप्प बसून काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. भेटीपर्यंत घर उभं ठेव.

तुझीच,
लेनोर

*

एल्म्सबरी
१३ नोव्हेंबर १९९४

ती. बॉबीमावशीस,
कॉर्डेलियाचा शि. सा. न. वि. वि.

ओटिसचं पत्र मी त्याच्या मदतीशिवाय वाचू शकले, याबद्दल त्याला शाबासकी दे.

शाळा चालू आहे. मी गणितात चौथी आहे, हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की शेजारच्या मुलीला वाटलं मी टोमणा मारतेय. ती पाचवी आहे. आता आम्ही डबा एकत्र खातो. पहिल्या दिवशी घंटा झाल्यावर सगळे उठले, मी धडा पुरा व्हायचा म्हणून बसून राहिले आणि पुढच्या वर्गाबरोबर जर्मन शिकले. जेवायची सुट्टी वीस मिनिटांची असते. इतक्या वेळात गसकाकांचं एक सँडविचसुद्धा व्हायचं नाही.

आई पहिला आठवडा रोज फाटकाबाहेर गाडीत बसून होती. तिचं म्हणणं की ती वाचत होती. मुख्याध्यापकांनी दोनदा कॉफी नेऊन दिली. तिसऱ्यांदा तिने त्यांना बसवून घेतलं आणि शाळेचं वेळापत्रक कुठे चुकतंय ते समजावलं. धाकट्या दोघांना ती अजून घरीच शिकवते आणि दोघेही मजेत आहेत. घंटा मात्र आता साडेआठला होते, कारण आठला ती मला सोडायला येते.

काल पहिल्या तिमाहीचा निकाल आला. पालकांनी सही करून परत पाठवायचा असतो. आईने तो जेवणाच्या टेबलावर बसून दोनदा वाचला. गुणांच्या बेरजेतली एक आणि व्याकरणाच्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. मग खाली सही केली आणि सहीच्या वर शेरा लिहिला की शाळेची प्रगती समाधानकारक आहे, असाच अभ्यास चालू ठेवावा.

तुझी,
कॉर्डी