हक्काचे सहा डेसिबल मिळणेबाबत

दिनांक : १४/११/२०२५

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक साहेब,
परिवहन कार्यालय, हिंगोली.

विषय : माझ्या शंभर सीसी मोटारसायकलीस कायद्यात बसेल एवढा मोठा आवाज असलेला सायलेन्सर सुचविणेबाबत.

संदर्भ : दि. १०/११/२०२५ रोजी जवळा बाजार येथे झालेली आवाज तपासणी.

महोदय,

मी खाली सही करणार बुद्धभूषण कोंडीबा खिल्लारे, वय ४६, रा. जवळा बाजार, शिरड शहापूर येथे जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे. संदर्भीय दिवशी माझा दंड झाला. तो मी भरला असून त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे.

१) माझी आई पद्माबाई हिला डोळ्यांनी फारसे दिसत नाही. ती माझ्याकडे राहते. तिच्या डोळ्यांत औषध मी घालतो. माझा धाकटा भाऊ प्रज्ञेश नांदेडला बँकेत असून दर रविवारी साडेतीनशे सीसी गाडीवर येतो. गाडी घराअलीकडच्या जिनिंग मिलच्या वळणावर असतानाच आई उठते आणि माझ्या पत्नीस म्हणते, "करुणा, चहा टाक, प्रज्ञेश आला." मी रोज सहाला येतो. समोर जाऊन उभा राहिलो की विचारते, "कवा आलास?"

२) सबब दि. ४ रोजी मी गावातील गॅरेजवाले नासेर मिस्त्री यांच्याकडे गेलो व भावाच्या गाडीसारखा आवाज मागितला. त्यांनी समज दिली होती, "भूषणभाऊ, ह्या सायलेन्सरवर मान्यतेचा शिक्का न्हाई. पकडतेत." तरी मी बसवून घेतला. त्या संध्याकाळी मी गाडी मुद्दाम दारापर्यंत चालू ठेवली. आई काठी टेकत फाटकापर्यंत आली. "प्रज्ञेश, आज मंगळवारी काहून आलास लेकरा?" मी आहे, असे सांगितले. "तू व्हय," म्हणाली आणि परत फिरली. चहा उकळला होता, तो मला मिळाला.

३) संदर्भीय दिवशी, सोमवारी, भाऊ मुक्काम करून परतताना आम्ही दोघे एकामागे एक निघालो असता आपण दोघांनाही थांबवले. माझा आवाज ९४ भरला. भावाचा ७९ भरला व त्यास जाऊ दिले. मोठ्या इंजिनास ८० पर्यंत मुभा, लहानास ७७, असे आपण समजावले. म्हणजे धाकट्याला घरात जास्त आहेच, कायद्यातही तीन जास्त आहेत. नासेर मिस्त्रींनी जवळच्या गॅरेजातून आणून तेथेच माझा जुना सायलेन्सर बसवला, तो ७१ भरला. माझ्या हक्काचे सहा डेसिबल मी चौदा वर्षे वापरलेलेच नाहीत.

४) हे मी आपल्यासमोर बोललो तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, आठ दिवस माझी गाडी तू वापर. तुझी मी नेतो." मी नको म्हणालो नाही. त्या संध्याकाळी त्याच्या गाडीवर घरी आलो. आई जागची हलली नाही. "भूषण, त्याची गाडी तू काहून आणलीस?" कसे ओळखले विचारले, तर म्हणाली, "वळणावर तू गाडी बंद करून येतोस. पेट्रोल वाचवतोस. रोज ऐकून राहिले मी." मग बोलत का नाहीस, असे विचारले. "रोज येणाऱ्याला काय बोलायचं?"

५) यावर मी चार दिवस विचार केला. आईस माझे येणे कळते, ही बाब मला मान्य आहे. परंतु कळणे वेगळे आणि उठणे वेगळे.

तरी विनंती की, मान्यतेचा शिक्का असलेला व ७७ च्या आत राहून जास्तीत जास्त वाजणारा सायलेन्सर कोणता, हे लेखी कळवावे. शिक्का नसलेला सायलेन्सर सोबत जमा करीत आहे.

उत्तराची घाई नाही. परवा रविवारी प्रज्ञेश माझ्या ७१ च्या गाडीवर येणार आहे. तो जिनिंगच्या वळणावर असताना आई उठते की नाही, ते पाहण्यासाठी मी सुट्टी असूनही कुठे जाणार नाही. ती उठली, तर हा अर्ज रद्द समजावा.

आपल्या उत्तराची व रविवारची वाट पाहणारा, आपला नम्र,

(सही)
बुद्धभूषण कोंडीबा खिल्लारे

सोबत :
१. दंडाची पावती, झेरॉक्स
२. सायलेन्सर, एक नग, पोत्यात बांधून