पोचल्याचा फोन

ती. आईला धाकटीचा वाकून नमस्कार.

खोली छान आहे. उजेड भरपूर, दाराला आतून भक्कम कडी. नोकरीचं हॉस्पिटल पाच मिनिटांवर. तुझा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. ‘खोलीवर पोचले, आता जेव’ असं तुला म्हणाले, तेव्हा मी विमानतळावरच होते. तिथलं वायफाय सुटलं की माझा फोन बंद, इथलं सिमकार्ड अजून घेतलं नव्हतं, आणि माझा फोन आल्याशिवाय तू घास खाणार नव्हतीस.

मग टॅक्सीत बसले. ड्रायव्हरने दारं लॉक केली आणि मोठा रस्ता सोडून गोदामांच्या गल्लीत वळला. कुठे चाललोय विचारलं, तर आरशातून नुसता बघत राहिला. आई, तेव्हा डोक्यात आलं, आता घरी कुणीच माझी वाट बघत नाहीये. तुम्ही सगळे निवांत जेवताय.

मोठा रस्ता पुढे खोदलेला होता, एवढंच. बॅगही बिचाऱ्याने वर आणून दिली.

मी मजेत आहे. बाबांना यातलं काही सांगू नकोस. फक्त यापुढे मी पोचल्यावर फोनवर कडी वाजवून दाखवेन. ती ऐकल्याशिवाय जेवू नकोस.

तुझीच,
धाकटी