झिपरीची जागा

पौष अमावास्येच्या आदल्या दिवशी इंदुरीहून एक बाई माझ्या फाटकाशी आली. तिने उलट्या पिसांचा कोंबडा मागितला. मी तो दिला नाही, पण का देत नाही हे मला तिला धड सांगता आले नाही. म्हणून हे मृत्युपत्र आज लिहिणे भाग आहे. एरवी आणखी काही वर्षे लिहिले नसते.

मी, नीरजा गंगाधर पडवळ, वय बहात्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार वलवण, लोणावळा, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि दबाव आणायची कोणाची छाती होईल असे मला वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने मी मरता मरता वाचले. फुप्फुसे पूर्वीसारखी राहिली नाहीत. डोके राहिले आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला अपत्य नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वलवणचे घर व परस ही माझे पती कै. गंगाधर आणि मी, दोघांच्या पगारातून झालेली मिळकत आहे. गंगाधर रेल्वेत घाटाच्या इंजिनांवर होते. पडवळांच्या वडिलोपार्जित जमिनीचा यात मातीचा कणही नाही. माझ्यापश्चात घर व परस पुतण्या संदेश अंबाजी पडवळ व त्याची पत्नी सौ. अनिता यांना समान हिश्श्याने मिळावे. मागच्या दोन खोल्यांत ते लग्नापासून राहत आहेत. अट एकच. परसातले खुराडे पाडून तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या नाहीत. मी दवाखान्यात असताना संदेशने परस टेपने मोजले, हे मला ठाऊक आहे. मोजण्याला हरकत नाही.

२. थोरले दीर अंबाजी यांना माझ्याकडून काही नाही. आम्ही गावाला गेलो असताना त्यांनी पाहुण्यांसाठी आमचा बँटम कोंबडा कापला. बँटम म्हणजे मुळात मुठीएवढी जात, शोभेची. परत आल्यावर मी जाब विचारला, तर म्हणाले, "कापला तर कापला, पर रस्सा कुनालाच पुरला न्हाई." त्यांची ही तक्रार मी आजवर विसरले नाही. ते घरी येतात, चहा घेतात. तो मिळत राहील.

३. माझा सूक्ष्मदर्शक मी ज्या शाळेत शिकवले तिला द्यावा, कपाटात कुलूपबंद ठेवणार नाही असे मुख्याध्यापकांकडून लिहून घेऊन. पुस्तके माझी मैत्रीण माधवी शेलार हिने हवी ती न्यावीत. गंगाधरांचा रेल्वेचा कंदील आहे तिथेच टांगलेला राहावा. त्यांची पत्र्याची ताटली व चमचा यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

४. आता पक्षी.

खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या पारशी बाई बंगला विकून निघाल्या, तेव्हा त्यांनी बँटमची जोडी गंगाधरांना दिली. कोंबडी सरळ पिसांची होती, कोंबड्याची पिसे मुळापासून उलटी वळलेली. वाऱ्याविरुद्ध धावून आल्यासारखा दिसे. मी प्राणिशास्त्राची पदवीधर. गंगाधरांना कौतुक होते, मला वंशावळ दिसत होती. दोघांनी मिळून ती जात इतकी वर्षे टिकवली. पुढे जो कोणी सांभाळेल त्याने लक्षात ठेवावे: उलट्या पिसांचा नर उलट्या पिसांच्या मादीला कधीही लावू नये. पिल्लांची पिसे ठिसूळ होऊन झडतात, अंग उघडे पडते, आणि आमच्या पावसात ती जगत नाहीत. एक उलटा, एक सरळ. गंगाधर म्हणत की नवराबायकोलाही हाच नियम लागू आहे. आमच्यातले उलटे कोण, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

तिन्हीसांजेला ते ताटलीवर चमचा वाजवत आणि पक्षी खुराड्याकडे येत. ते गेल्यावर मी वाजवू लागले. झिपरी ही त्यांच्या हातची शेवटची कोंबडी, उलट्या पिसांची. इतर पक्षी दांडीवर चढले तरी ही आधी त्यांच्या रिकाम्या खुर्चीखाली एक फेरी मारी आणि मग आपल्या जागेवर जाई. दांडीवर आतून दुसरी जागा तिची.

उलट्या पिसांच्या कोंबडीविषयी आमच्या भागात काय मानतात ते सर्वांना माहीत आहे. आजाऱ्याचा जीव घेऊन निघालेल्याला वाटेत ती दिली तर तो आजाऱ्याला सोडतो. भगत लोक अशा कोंबडीच्या शोधात असतात. आमच्या फाटकाशी अशी माणसे गंगाधर असल्यापासून येत. मी त्यांना हाकलून देत असे. तेव्हा ते सोपे होते.

दवाखान्यातून मी काठी टेकत घरी आले, तेव्हा झिपरी नव्हती. संदेश म्हणाला, बोक्याने नेली. अनिता दारात उभी होती. तिने त्याचे खोटे पुरे होऊ दिले नाही.

"बोक्यानं न्हाई नेली, काकी. मी सोडली."

डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितले, त्या दिवशी अनिता धोंडिबा भगताकडे गेली. त्याने नियम सांगितला: ज्याच्या जिवासाठी द्यायचे, ते त्याच्याच मालकीचे हवे. दुसऱ्याचे किंवा विकत आणलेले चालत नाही. झिपरी तेव्हा खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. अनिताने ती उचलली, पिशवीत घातली, भर पावसात खंडाळ्याला गेली, आणि घाट जिथे खाली उतरतो तिथे धुक्यात तिला खाली ठेवून परत फिरली. मागे वळून पाहायचे नाही, हा दुसरा नियम.

"मागनं वरडत हुती," ती म्हणाली. "मी वळले न्हाई. वळले आसते तर तुमी गेला आसता."

मी विचारले, अंड्यांचे काय केलेस?

"ती आदीच माज्या गावठीखाली सरकवली. त्यांची काय चूक."

मी तिला सांगितले की मला औषधांनी आणि प्राणवायूने वाचवले. ती म्हणाली, "व्हय, ते बी हायेच." आणि माझ्यासाठी पेज आणायला आत गेली.

येथे मी काही गोष्टी नोंदवते. अर्थ लावत नाही. कोंबड्या दांडीवर मानाप्रमाणे बसतात. एखादी मेली तर चार-दोन दिवसांत बाकीच्या सरकतात आणि जागा भरते. हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. झिपरीची जागा भरली नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे पक्षी आजही मध्ये एका कोंबडीएवढे अंतर सोडून बसतात. दसऱ्यानंतर मला चालवू लागले तेव्हा मी रिक्षाने खंडाळ्याला गेले. अनिताने सांगितलेली जागा सापडली. पीस दिसले नाही, हाड दिसले नाही. उलट्या पिसांच्या पक्ष्याला उडता येत नाही, भिजले तर अंग वाळत नाही. तिचे काय झाले असेल हे मला पुरते कळते. तरीही मी सोबत नेलेली ताटली काढली आणि घाटाकडे तोंड करून वाजवली. वाजवायला नको होती. त्या दिवसापासून तिन्हीसांजेला सगळे पक्षी दांडीवर बसले की माना घाटाच्या दिशेला वळवतात आणि अंधार पडेपर्यंत तशाच ठेवतात. मी खुराड्यासमोर उभी राहून पाहते. तिथे आंब्याचे झाड आणि कुंपण याशिवाय काही नाही.

५. मी वाचले ही बातमी गावोगाव गेली. शेजारच्या धोंडाबाई भेटायला येतात आणि माझ्याकडे बघून हात जोडतात. पूर्वी जोडत नसत. इंदुरीची बाई आली ती अशीच ऐकून. नाव सरुबाई. लेकीची लेक दवाखान्यात आहे, छातीत पाणी झाले आहे, असे तिने सांगितले. मी तिला मला जे माहीत आहे ते सांगितले. कोंबडीने काही होत नाही. मुलीजवळ जाऊन बस.

ती म्हणाली, "बाई, तुमी वाचलात न्हवं?"

मी म्हटले, औषधाने.

"आवशद तिला बी चालूच हाय."

आयुष्यभर मी वर्गाला प्रश्न विचारायला शिकवले. मी आत गेले. सरुबाई संध्याकाळपर्यंत कुंपणाच्या सावलीला बसून होती. मग उठून गेली. मुलीचे पुढे काय झाले मला माहीत नाही. तिचे नावही मी विचारले नव्हते. आता फाटकाची कडी वाजली की मी आधी खिडकीतून पाहते.

म्हणून माझ्या ठेवींचे व्याज पुढीलप्रमाणे खर्चावे. फाटकाशी कोणीही पक्षी मागायला आले तर पक्षी देऊ नये. गाडी करून द्यावी, आजाऱ्याला चांगल्या दवाखान्यात पोहोचवावे, आणि घरातल्या एकाने सोबत जाऊन तिथे बसावे. नुसती गाडी दिली तर हे कलम पाळले असे मी समजणार नाही. यावर देखरेख व या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या पक्ष्यांचे डॉक्टर श्रीयश म्हाळसकर यांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे.

६. राहिला मुख्य प्रश्न. हे पक्षी माझ्यानंतर कोणाचे, आणि त्याआधी, मी पुन्हा आजारी पडले तर त्यांचे काय?

मी अनिताला समोर बसवले. ती कणी पाखडत होती. माझ्यासाठी यापुढे एकही पक्षी सोडायचा नाही, असे वचन मागितले.

"ते आत्ता कसं सांगू?" ती म्हणाली.

मी म्हटले, हा माझा हुकूम आहे.

"तुमी शुद्धीत हायसा तवाचा हुकूम हाय ह्यो. शुद्ध गेल्यावर म्या कुनाला इचारू?"

सूप तिने खाली ठेवले नाही. ती खोटे वचन देईना आणि मला खरे मिळेना. मग मी इतर मार्ग पाहिले. डॉ. श्रीयश न्यायला तयार आहेत, पण त्यांच्या घरी दोन कुत्रे आहेत. खंडाळ्याच्या एका हॉटेलने मुलांना खेळायला म्हणून मागितले. त्याचा विचार मी केला नाही. मानमोडीच्या लशीची तारीख, थंडीत पोते कोणत्या बाजूने बांधायचे, कोणती कोंबडी कोणाला चोची मारते, हे सगळे माझ्याखेरीज एकट्या अनिताला येते, आणि तिचे त्यांच्यावर प्रेम आहे. झिपरीला पिशवीत घालतानाही होते. हे मला मान्य करावे लागते.

तेव्हा मी भगताचा नियम घेतला. ज्याच्या जिवासाठी, त्याच्याच मालकीचे. तर मग माझ्या मालकीचा एकही पक्षी ठेवत नाही. सर्व बँटम पक्षी, खुराडे, ताटली व चमचा मी मृत्यूनंतर नव्हे तर आजच, हयातीत, सौ. अनिता संदेश पडवळ हिला बक्षीस देते. आजपासून ते तिचे. माझ्यासाठी ते आता धोंडिबालाही चालणार नाहीत. कायद्याचा उपयोग मी आयुष्यात फारसा केला नाही. इथे तो होईल.

७. मला जाळावे. तेराव्याला गोडाचे जेवण करावे. माझ्या कोणत्याही कार्यात कोंबडी शिजवू नये, अंबाजी पंक्तीत असले तरी. कावळा शिवला नाही तर वाट पाहत बसू नये. त्या दिवशी पक्ष्यांना वेळेवर दाणे घालावेत.

वरील सर्व मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. दोघांनाही या मृत्युपत्रातून लाभ मिळू नये म्हणून माधवीने पुस्तके घेण्यास नकार देऊन साक्षीदार होण्याचे मान्य केले. ती पुस्तके आता शाळेला जातील.

सही: नीरजा गंगाधर पडवळ

साक्षीदार: १. माधवी शेलार, निवृत्त शिक्षिका, लोणावळा
२. दत्तोबा केदारी, दूध व्यवसाय, वलवण

स्थळ: वलवण, लोणावळा
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६

ताबा दिल्याची नोंद

आज सकाळी सह्या झाल्यावर साक्षीदारांसमोर सौ. अनिता हिच्या ताब्यात दिले: सरळ पिसांचे कोंबडे दोन, कोंबड्या सात, उलट्या पिसांचा कोंबडा एक, खुराडे, पत्र्याची ताटली व चमचा. अनिताने प्रत्येक पक्षी हातात घेऊन पाहिला आणि सही केली.

एक पक्षी घेण्यास तिने नकार दिला. झिपरीची जी अंडी तिने गावठी कोंबडीखाली ठेवली होती, त्यातून उलट्या पिसांचे एकच पिल्लू निघाले. ते आता तलंग, अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, झाले आहे आणि आजवर तिच्याकडेच गावठीसोबत डालग्यात झोपत होते. ती तलंग घेऊन अनिता माझ्यासमोर आली आणि तिला माझ्या मांडीवर ठेवले.

"ही ऱ्हाऊ द्या, काकी. ही तुमची."

मी म्हटले, हिच्यावर तुझे नाव लिहिले आहे. ती म्हणाली, "मला नगं. बाकीची घेतली न्हवं?" दत्तोबा जमिनीकडे पाहत होते. माधवीने मला विचारले, नोंदीत काय लिहू? मी म्हटले, मी लिहीन.

तिन्हीसांजेला अनिताने ताटली वाजवली. तलंग प्रथमच खुराड्यात सोडली. नव्या पक्ष्याला पहिल्या दिवशी चोची बसतात. हिला कोणी चोच मारली नाही. ती दांडीवर चढली, आतून दुसऱ्या जागेवर गेली आणि बसली. कोणाला सरकावे लागले नाही.

दिले: वरीलप्रमाणे. माझ्याकडे राहिले: उलट्या पिसांची तलंग, एक.