नाल्याला घातलेला बांध

११ मे ८६
आधी सगळ्यांची विचारपूस. सुनेचा खोकला उतरला. बाळूचे डोळे अजून लाल, कंपनीत पावडरीच्या खात्यात टाकलाय. गाय बरी. विहीर बरी नाही, पाणी पिवळं. जमीन? तिला कोण विचारतो. मीच विचारते.

१९ मे
भाताचं रोप टाकायच्या जागी राब भाजला. शेण, पाला, वर माती. यंदा दुप्पट जाड केला, म्हटलं कंपनीच्या नाल्यातून शेतात आलेली घाण आगीनं जळेल. औषधाच्या वासाचा धूर असा उठला की गाय दावं तोडून पळाली. शेजारची मंजुळा बांधावरून, "वयनी, राब भाजता का दवाखाना?" हसलो दोघी, खोकत खोकत.

१० जून
अर्धं बी पेरलं. सासूबाईंपासूनचं घरचं बी. उरलेलंही याच पावसात पेरायला हवं, पुढच्या सालापर्यंत मरतं.

२० जून
रोप बोटभर आलं नि शेंडे करपले. राहिल्यातलं मूठभर ओल्या गोणपाटात ठेवलेलं, वरच्या आळीच्या विहिरीचं चांगलं पाणी मारून. त्याला पांढरेशुभ्र मोड! म्हणजे बियाचा दोष नाही.
बाळूला म्हटलं, साहेबाला नाल्याचं सांग की रे.
"आई, त्याच नाल्यावर आपली चूल हाय."
जेवला नाही. मीही.

२२ जून
सुट्टी. नाला आमच्या शेतात शिरतो त्या तोंडाशी बाळूनं दगड-मातीचा बांध घातला. वरच्या कोपऱ्यात नवी माती ओढून उरलेलं बी पेरलं. आता घरात एक दाणा नाही.

१ जुलै
हिरवंगार! हात फिरवून आले, बाळंतिणीच्या बाळावरून फिरवावा तसा.

४ जुलै
मंजुळाचं रोप पिवळं पडलंय. "माझंच नशीब फुटलं गो वयनी," म्हणाली. आमच्या बांधानं अडलेलं पाणी तिच्या शेतात शिरतंय, तिला ठाऊक नाही. बाळूला ठाऊक होतं. मी विचारलं तर, "मग कुठं सोडू? आकाशात?"

५ जुलै
इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आमची तर विहीरही पिवळी.
कुदळ घेऊन बांधावर बसले. फोडला तर सासूबाईंचं बी माझ्या हातानं संपतं. ठेवला तर मंजुळाची पोरं काय खातील...
तिकडून हाक, "वयनी, चा टाकलाय, ये!"
गेले. साखर जास्त घातली होती तिनं. सांगायला तोंड उघडलं, तर तिनं कपात आणखी चा ओतला.
कुदळ तिच्याच ओटीवर राहिली.
जमिनी बाय, तुझी तब्येत कशी हाय? त्या बांधाचं काय करू, लवकर कळव. लावणीच्या आत.